एकव्यक्ती प्रमाणपत्र

दहा लाख पेशींपैकी सहा पेशी नीलांबरी कुंभोजकरांच्या नव्हत्या. पेशीवाचकाच्या पडद्यावर तसं स्वच्छ लिहिलं होतं आणि त्याखाली लाल चौकटीत निकाल होता : 'अर्जदार एकव्यक्ती नाही.'

"म्हणजे काय, डॉक्टर?" नीलाताईंनी विचारलं. "मी आणखी कोण आहे?"

डॉ. रोहिदास कवठेकर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आकडा पुन्हा वाचला. ही सवय नीलाताईंच्या ओळखीची होती. पंचवीस वर्षांपूर्वी हा मुलगा मिरजेच्या इस्पितळात त्यांच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा वाचायला शिकला, तेव्हाही वाईट निकाल सांगण्याआधी चष्मा पुसायचा. आता तो हेल्मार देशाच्या वैद्यकीय तपासणी केंद्राचा प्रमुख होता. मिरजेला पूर्वी दूरदूरचे रोगी येत, आता परदेशी नोकरीला निघालेली धडधाकट माणसंही येत. रोगी निदान बरे तरी होऊन जात. ही माणसं मात्र आपण निरोगी आहोत हे सिद्ध करता करता आजारी पडायची.

नीलाताई सत्तावन्न वर्षांच्या. एकतीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाचल्या. हजारो निरोगी पेशींतून कर्करोगाची एक पेशी वेचून काढायची, हे त्यांचं काम. खोटा तर सोडाच, घाईचाही रिपोर्ट त्यांनी कधी दिला नव्हता. हेल्मारच्या एका प्रयोगशाळेला तसलीच माणसं हवी होती. यंत्रं चुकली की यंत्रांना कळत नाही, म्हणून तपासायला जुनी नजर लागते, असं जाहिरातीत कबूल केलेलं होतं. नीलाताईंनी अर्ज केला. पगाराचा आकडाही त्यांनी नीट वाचला नाही. त्यांना तिथे जायचं होतं ते त्यांचा मुलगा निषाद याला शोधायला.

"या सहा पेशी तुमच्या मुलाच्या आहेत," कवठेकर म्हणाले. "पुरुषाच्या आहेत आणि अर्ध्या तुमच्या वळणाच्या आहेत. एकच मूल ना तुम्हाला?"

"एकच. पण तो एकतीस वर्षांचा आहे, डॉक्टर. त्याच्या पेशी माझ्यात आता कशा?"

"गर्भाची वार ही भिंत नसते, ताई, चाळणी असते. गरोदरपणी बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपण होतं, मूल वेगळं होतं, पण त्या पेशी मागे राहतात. काही मज्जेत मुक्काम ठोकतात, काही त्वचेत, काही यकृतात. तिथे वाढतात, विभागतात. वीस वर्षं, तीस वर्षं, कधी कधी मरेपर्यंत. हे विज्ञानाला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्रास काही नसतो, म्हणून कोणी मनावर घेत नव्हतं."

"पाहुण्यांसारख्या राहतात म्हणायच्या."

"पाहुणा जातो. या घरच्याच होऊन जातात."

नीलाताईंनी आपल्या डाव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. तिथे सुईचा ठिपका अजून ओला होता. दोन वर्षं त्या ज्याच्यासाठी मंत्रालयापासून दूतावासापर्यंत कागदी घोडे नाचवत होत्या, तो इथे या बोटात फिरत होता. त्यांना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते पदराने लगेच पुसून टाकलं, कारण समोरची लाल चौकट गेली नव्हती.

"मग याला हेल्मारची हरकत काय?"

"नियम आहे. नोकरीसाठी येणाऱ्याच्या शरीरात एकाच माणसाच्या पेशी हव्यात. एकव्यक्ती प्रमाणपत्राशिवाय परवाना नाही. दुसऱ्याच्या पेशी सापडल्या तर निरसन-उपचार घ्यायचा. तीन इंजेक्शनं, पंधरा-पंधरा दिवसांनी. परक्या पेशी शोधून मारतात. दुखत नाही."

"म्हणजे याला मारायचं."

"ताई, तो निषाद नाही. सहा पेशी आहेत."

"ठाऊक आहे मला पेशी म्हणजे काय ते. तुम्हाला मीच शिकवलंय."

कवठेकर म्हणाले, "या केंद्रात एकशे बारा बायकांना दिलाय हा उपचार. कोणी एवढा विचार करत नाही. नोकरी हवी असते, दंड पुढे करतात. एक कुरुंदवाडच्या बाई तेवढ्या रडल्या होत्या. त्यांचा मुलगाही तिकडेच नाहीसा झालाय. त्याला शोधायलाच निघाल्या होत्या त्या, तुमच्यासारख्याच."

हेल्मार हा उत्तरेच्या समुद्रातला लहानसा, श्रीमंत देश. तिथे माणसं थोडी आणि दारं फार. कुलूप नाही, किल्ली नाही, तिकीट नाही, ओळखपत्र नाही. देशाच्या सीमेवर, म्हणजे विमानतळाच्या वाटेवर, जनुकद्वारं आहेत. ती रक्ताचा एक थेंब घेतात, त्यातली प्रत्येक पेशी वाचतात आणि कोण आत आलं, कोण बाहेर गेलं याची यादी ठेवतात. आतली साधी दारं, घराची, बसची, खानावळीची, नुसत्या श्वासावरून माणूस ओळखतात आणि यादीत नाव आहे का एवढंच बघतात. नाव असेल तर दार उघडतं. 'माणूस खोटं बोलेल, पेशी बोलणार नाही' हे त्या देशाचं जणू ब्रीदच होतं, आणि विमानतळावर ते चौदा भाषांत लिहिलेलं होतं. मराठीतही होतं. नीलाताईंनी ते स्वतः वाचलं होतं.

निषाद तिथे पवनचक्क्या दुरुस्त करायला गेला होता. ढालगावच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर चढून तो शिकला, आणि मग समुद्रातल्या पवनचक्क्यांवर चढायला गेला. परवाना पाच वर्षांचा, पण एकप्रवेशी. एकदा देशाबाहेर पाऊल पडलं की परवाना संपला. म्हणून पाच वर्षं येता येणार नव्हतं, आणि म्हणूनच नीलाताई हात धुवून त्याच्या मागे लागल्या की मग मीच येते. "आई, कशाला एवढी धावपळ? सात महिने कागद गोळा करशील आणि आठ दिवस राहशील," तो म्हणाला होता. तसंच झालं. सात महिने, चौतीस कागद आणि आठ दिवसांचं मार्च महिन्यातलं राहणं. शेवटच्या दिवशी तो सीमेपर्यंत सोडायला आला. दाराच्या अलीकडे त्याने आपला जाड कोट काढून आईच्या खांद्यावर घातला. "विमानात थंडी असते. मला काय, बस दारातच उभी आहे," म्हणाला. नीलाताई दारापलीकडे गेल्यावर काचेतून त्याने हात हलवला. त्यांनी खुणेनेच त्याला जा म्हटलं, कामाला उशीर होईल. तो वळला.

त्यानंतर त्याचा आवाज कोणी ऐकला नाही. नीलाताई मिरजेला पोचल्या आणि फोन लावला तर 'ही व्यक्ती देशात नाही' असा संदेश आला. कंपनीने कळवलं, कामगार देश सोडून गेल्याने करार संपला. हेल्मारच्या पोलिसांनी लिहिलं, सदर व्यक्ती स्वेच्छेने बाहेर गेली आहे, तपशील गोपनीय. इकडच्या पोलिसांनी सांगितलं, भारतात आल्याची नोंदच नाही. तो तिथून गेला होता, इथे आला नव्हता, आणि मधे तर समुद्रच होता. शेजारपाजारचे हळूहळू म्हणू लागले, पोरगा पळाला असेल कुठे एखादीबरोबर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करावा तशी नीलाताईंनी ती दोन वर्षं काढली. निषादचा कोट कपाटात टांगलेला होता. मिरजेच्या उन्हात त्याचा उपयोग काही नव्हता, पण दर आठवड्याला त्या त्याला ब्रश मारत.

"तुमचा अर्ज उघडतो," कवठेकर म्हणाले. "उपचाराची तारीख टाकावी लागेल. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण अर्ज तरी जिवंत राहू दे."

पडद्यावर अर्ज उघडला. एकोणचाळीस पानं. सव्विसाव्या पानावर पुरवणी क होती : 'अर्जदाराचे नातेवाईक, जे पूर्वी हेल्मारमध्ये वास्तव्यास होते.' ती भरायची नव्हती. यंत्राने ती आपणहून भरून ठेवली होती. कवठेकर पान उलटणार तेवढ्यात नीलाताईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा. मागे घ्या."

कुंभोजकर निषाद. नातं : मुलगा. बहिर्गमन : १४ मार्च, सकाळी ११.२०, दार क्रमांक ४.

दोन वर्षं, सत्तर पत्रं, तीन वकील. जी माहिती गोपनीय म्हणून त्यांच्या तोंडावर दार आपटलं गेलं, ती एका पुरवणीत अशी भरून तयार होती. एका खिडकीला दुसऱ्या खिडकीचं माहीत नसतं, हे तिथेही खरंच होतं तर. नीलाताईंनी वहीत तारीख उतरवून घेतली आणि मग त्यांचं पेन थांबलं.

"चौदा मार्चला मी निघाले तिथून," त्या म्हणाल्या. "चार नंबरच्याच दारातून."

त्यांच्या पायाशी कापडी पिशवी होती. कुठल्या खिडकीवर कोणता कागद मागतील याचा नेम नाही, म्हणून त्या सगळंच बरोबर घेऊन फिरत. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती : एक त्यांना, एक आपल्याला, एक अडीअडचणीला. फायलीही वेगवेगळ्या. 'निषाद शोध' ही जाडजूड हिरवी फाइल त्यांनी शंभर वेळा उघडली होती. 'सहल' लिहिलेली पिवळी फाइल मात्र परतल्यापासून एकदाही नाही. तिच्यात विमानाचं तिकीट होतं, लोकरीच्या मोज्यांचं बिल होतं आणि एक बहिर्गमन पावती होती. नीटनेटकेपणा कधी कधी माणसाला दगा देतो. दोन फायली एकत्र असत्या, तर कदाचित हा दिवस दोन वर्षं आधी उजाडला असता.

पावतीवर लिहिलं होतं : कुंभोजकर नीलांबरी. १४ मार्च, सकाळी ११.२०, दार क्रमांक ४.

"एकाच मिनिटाला?" कवठेकरांनी पावती उजेडात धरली. "पण तो तर..."

"तो काचेच्या आतल्या बाजूला होता, डॉक्टर. देशात. माझा हात हलला तेव्हा त्याचाही हलत होता." नीलाताईंचा आवाज एकदम काच वाचताना व्हायचा तसा कोरडा झाला. "दारात एक थेंब रक्त घेतात. त्यात किती पेशी असतात वाचायला?"

"पांढऱ्या पेशी? चार लाख, पाच लाख."

"आणि दहा लाखांत सहा त्याच्या."

हिशोब दोघांचाही झाला होता. त्या थेंबात दोन-तीन पेशी निषादच्या असणार. दाराने त्या वाचल्या. दाराच्या लेखी दोन माणसं बाहेर पडली.

"पण मग आत जाताना?" कवठेकर म्हणाले. "आत जातानाही तुम्ही थेंब दिला असेल. तेव्हा का नाही गोंधळ झाला?"

"कारण तेव्हा तो आतच होता. जो आत आहे त्याची पुन्हा 'आत आला' म्हणून नोंद केली तर यादीत फरक काय पडतो? पण आत असलेला बाहेर गेला, तर पडतो." त्यांनी पावतीवरच्या वेळेवर बोट ठेवलं. "त्याचा परवाना एकप्रवेशी होता. अकरा वीसला तो संपला. मी संपवला."

"ताई, तुम्ही नाही..."

"मीच. तो म्हणत होता येऊ नको म्हणून."

खोलीत पेशीवाचकाचा पंखा फिरत होता. कवठेकर उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले. "इतके दिवस हे कोणाच्या लक्षात कसं नाही आलं? त्यांच्या देशातही आया आहेत."

"नागरिकाला काय फरक पडतो? तो चुकून बाहेर दाखवला गेला तरी त्याला पुन्हा आत घेतात. परवाना फक्त परक्याचा संपतो. आणि परक्याच्या आया तिथे जातात किती? सात महिने कागद कोण गोळा करतं?" नीलाताईंनी मान वर केली. "डॉक्टर, हा एकव्यक्तीचा नियम कधी आला?"

"दीड वर्षापूर्वी. कारण विचारलं होतं आम्ही. कारण कळवण्याची तरतूद नाही, असं उत्तर आलं."

"निषाद गेल्यावर सहा महिन्यांनी." त्यांनी पावती वहीतल्या तारखेशेजारी ठेवली. "म्हणजे त्यांना कळलंय. चूक सापडल्याशिवाय असला नियम कोणाला सुचत नाही. यादी दुरुस्त करायची तर आधी कबूल करावं लागेल की पेशीही खोटं बोलल्या. त्यापेक्षा आयाच धुऊन काढायच्या. नवी चूक होणार नाही आणि जुनी कोणाला दिसणार नाही."

कवठेकरांचा चेहरा उतरला. एकशे बारा बायका त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. "ती कुरुंदवाडची बाई," ते पुटपुटले. "तिच्या अंगातला पुरावा मी माझ्या हाताने..."

त्यांना धीर द्यायला नीलाताईंकडे वेळ नव्हता. त्या एकतीस वर्षं ज्या रीतीने विचार करत आल्या त्याच रीतीने विचार करत होत्या : एक पेशी, मग दुसरी, मग तिसरी. निषाद त्या देशात होता आणि यादीत नव्हता. जो यादीत नाही त्याला कोणी शोधत नाही. पोलीस शोधत नाहीत, इस्पितळ दाखल करत नाही, तुरुंगसुद्धा ठेवून घेत नाही. तो आधी यादीत यायला हवा. आणि यादीत यायला एकच वाट होती, ज्या वाटेने तो बाहेर गेला तीच.

"मी अशीच जाणार," त्या म्हणाल्या. "त्याला घेऊन. आता तो त्यांच्या लेखी बाहेर आहे ना? मग मी आत गेले की तोही आत येईल. परवाना नसलेला माणूस आत आला, तर त्यांच्या कायद्याने त्याला ताबडतोब शोधायला लागतं. शोधू देत."

"प्रमाणपत्राशिवाय तुम्हाला विमानातच बसू देणार नाहीत. आणि खोटं प्रमाणपत्र..." कवठेकर अडखळले. "तुम्ही सांगितलंत तर तेही देईन."

"खोटं नको. नियमांची वही काढा."

नियमावली एकशे साठ पानांची होती. तिच्यात, असल्या सगळ्या वह्यांत असतं तसं, एक कलम वरच्या माणसाने लिहिलेलं आणि एक खालच्या माणसाने. नव्वदाव्या पानावर सापडलं : अर्जदाराने हरकत घेतल्यास एकदाच फेरतपासणी करावी. फेरतपासणीत एक लाख पेशी वाचाव्यात. तिचा निकाल अंतिम राहील. पहिल्या तपासणीला दहा लाख आणि फेरतपासणीला एक लाख का, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बहुधा खर्च वाचवला असावा.

"दहा लाखांत सहा, तर एका लाखात एकही न सापडण्याची शक्यता साधारण अर्धी," कवठेकर म्हणाले.

"माझी हरकत लिहून घ्या," नीलाताई म्हणाल्या. "तीन प्रतींत."

दुसऱ्या बोटाला सुई टोचली. पेशीवाचक सुरू झाला आणि पडद्यावर आकडा वाढू लागला. दहा हजार. वीस हजार. इतकी वर्षं नीलाताईंनी काचेवर वाईट पेशी दिसू नये म्हणून मनात प्रार्थना केली होती, परक्यांसाठी. आज त्या आपल्या मुलासाठी करत होत्या, की दिसू नकोस. लपून बस. लहानपणी लपंडावात तो नेहमी हसायचा आणि सापडायचा. साठ हजार. ऐंशी हजार. कवठेकरांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि पडद्याकडे बघत नव्हते. एक लाखाला यंत्र थांबलं, चौकट हिरवी झाली : 'अर्जदार एकव्यक्ती आहे.'

कवठेकरांनी सही केली, शिक्का मारला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"दाराच्या थेंबात तो नसला तर?" निघताना त्यांनी विचारलं.

"असेल," नीलाताई म्हणाल्या. "आता त्याने लपायचं कारण नाही."

अडीच महिन्यांनी, सकाळी साडेदहाला, नीलाताई हेल्मारच्या सीमेवर रांगेत उभ्या होत्या. अंगात निषादचा कोट होता. बाह्या लांब होत्या, त्यांनी दोनदा दुमडल्या होत्या. पुढे फिलिपिन्सच्या दोन परिचारिका आणि केरळचा एक सुतार होता. माणूस पुढे जाई, बोट आत घाली, दार उघडे. काचेपलीकडे बर्फ होतं, एक बसथांबा होता आणि शहराकडे जाणारा सरळ रस्ता होता. आसपास एकही घर नव्हतं. गेल्या वेळी हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांची पाळी आली. बोटाला सुई लागली.

पडद्यावर हिरवी ओळ उमटली. कुंभोजकर नीलांबरी. परवाना वैध. प्रवेश नोंदवला. पण दार उघडलं नाही. यंत्र अजून वाचत होतं. ये रे, नीलाताई मनात म्हणाल्या, ये आता.

दुसरी ओळ लाल होती. कुंभोजकर निषाद. परवाना समाप्त. प्रवेश नोंदवला.

त्या हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याचं नाव 'आहे' म्हणून लिहिलं होतं. बाजूच्या खोलीतून एक तरुण अधिकारी बाई धावत आली. तिने त्यांना आत नेऊन बसवलं. तिच्या गळ्यात भाषांतरक होता. ती बोलली की तो पुस्तकी मराठीत बोले.

"आपणासोबत प्रवेश केलेली द्वितीय व्यक्ती कोठे आहे?"

"हेच विचारायला मी आलेय," नीलाताई म्हणाल्या. "दोन वर्षं मी तुम्हाला विचारतेय. आता तुमचं यंत्र सांगतंय की तो तुमच्या देशात आहे. शोधा त्याला."

"परवान्याविना प्रविष्ट व्यक्तीचा शोध घेणे अनिवार्य आहे," भाषांतरक म्हणाला. "कृपया प्रतीक्षा करावी."

अधिकारी बाईने आपल्या पडद्यावर हात ठेवला. आता देशभरातली सगळी दारं, बसगाड्या, इस्पितळं, कोठड्या, सगळीकडे ते नाव जाणार होतं. नीलाताईंनी खुर्चीत नीट बसून घेतलं. दिवस लागतील, आठवडे लागतील, त्यांची तयारी होती. पिशवीत तिळाच्या वड्या होत्या. तो कुठल्यातरी तळघरात, कुठल्यातरी बंदरावर चोरून काम करत असेल, दाढी वाढली असेल, चिडलेला असेल. चिडू दे.

शोधाला चार सेकंद लागले.

अधिकारी बाईने पडदा पाहिला आणि ती उठून उभी राहिली. तिने भाषांतरक बंद करायला हात नेला, पण तो आधीच वाचू लागला होता. समोर लिहिलेलं ज्याच्या-त्याच्या भाषेत वाचायचं, एवढंच त्याला कळत होतं.

"प्रलंबित जुळणी पूर्ण. अनोळखी पुरुष देह, मुख्य शवागार. प्राप्त दिनांक १५ मार्च, दोन वर्षांपूर्वी, सकाळी सव्वासात. स्थळ, दार क्रमांक चारपासून नऊ किलोमीटर, शहराकडील रस्ता. मृत्यूचे कारण, थंडी. देहावर कोट आढळला नाही. जनुकवाचन त्याच दिवशी पूर्ण. संबंधित व्यक्ती देशाबाहेर असल्याची नोंद असल्याने ओळख प्रलंबित ठेवली होती. व्यक्ती देशात परतल्याने ओळख निश्चित. प्रलंबित जुळण्या एकेचाळीस, पैकी पूर्ण एक, शिल्लक चाळीस. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

बस दारातच उभी होती. पण अकरा वीसनंतर तिने त्याला ओळखलं नसणार. इमारतीचं दारही पुन्हा उघडलं नसणार. मग तो चालत निघाला. नीलाताई तेव्हा विमानात होत्या. त्यांना आठवलं, खरंच थंडी होती. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून त्या शांत झोपल्या होत्या.

त्यांनी कोट काढला. घडी करून मांडीवर ठेवला. अधिकारी बाई विशी-बाविशीची होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नजर दाराकडे होती. शेवटी तिने खणातून देह ताब्यात घेण्याचा फॉर्म काढून पुढे ठेवला आणि अगदी हळू काहीतरी म्हणाली.

"नाते लिहावे," भाषांतरक म्हणाला.

नीलाताईंनी पिशवीतून पेन काढलं. नातं लिहिलं, तारीख लिहिली, सही केली. मग फॉर्मवरचं बोट उचलून पडद्यावरच्या शेवटच्या ओळीकडे नेलं, जिथे चाळीसचा आकडा अजून तसाच होता. त्या चाळीस जणांच्या आया उपचार करून, प्रमाणपत्र घेऊन या दारातून येतील, दार त्यांना एक-एक मोजेल आणि आत सोडेल, आणि त्या रस्तोरस्ती शोधत फिरतील. कोणाच्याही थेंबात आता कोणी उरलेलं नसेल.

"हे जे आत्ता यंत्राने वाचलं, त्याच्या तीन प्रती द्या. शिक्क्यासह," त्या म्हणाल्या. "आणि त्या चाळीस जणांची यादीही."

"तीन कशासाठी?" भाषांतरकाने विचारलं.

"एक तुमच्या दप्तरी ठेवा. एक मला." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि एक कुरुंदवाडला पाठवायची आहे."